जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट: विंडोजची डिस्क न पुसता करून बघायची रीत

बाबा आमच्या सोसायटीचे खजिनदार आहेत. मुलुंडची चार मजली जुनी इमारत. मेंटेनन्सची बिलं, पावत्या, टाकी साफ करण्याची नोटीस, वार्षिक सभेचं इतिवृत्त, सगळं एकाच लॅपटॉपवर. लॅपटॉप २०१३ सालचा: तिसऱ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क. सकाळी बटण दाबून बाबा अंघोळीला जायचे आणि परत येईपर्यंत डेस्कटॉप आलेला असायचा. कधी कधी नसायचाही.

विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. घरगुती वापरासाठी एक वर्षाची वाढीव मुदत मिळते, पण तीही ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची एक चिप) लागतं आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. आमचा पाच पिढ्या मागे. दुरुस्तीवाल्याने लॅपटॉप न उघडताच "नवा घ्या साहेब" म्हणून सांगून टाकलं. बाबा म्हणाले, "कीबोर्ड नीट चालतोय, स्क्रीन नीट आहे, मग भंगारात का घालायचा?" आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं.

मी त्यावर लिनक्स मिंट घालायचं ठरवलं, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टम. मला तीन रविवार लागले. त्यातले दोन माझ्याच चुकांमुळे वाया गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहितेय. सहाव्या पायरीपर्यंत तुमच्या लॅपटॉपवरची एकही फाइल हलत नाही, तेव्हा निर्धास्त सुरुवात करा.

१. आधी यंत्राची कुंडली बघा

विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टम, अबाउट इथे जा. तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या: प्रोसेसरचं नाव, रॅम किती, आणि 'सिस्टम टाइप'.

इथे पहिला चकवा. सिस्टम टाइपसमोर '३२ बिट' दिसलं की लोक नाद सोडतात. ती ओळ पूर्ण वाचा. '३२ बिट ऑपरेटिंग सिस्टम, एक्स ६४ प्रोसेसर' असं असेल तर यंत्र ६४ बिटचंच आहे, फक्त विकताना कोणीतरी ३२ बिट विंडोज टाकलेलं आहे. कोअर टू ड्युओ आणि त्यानंतरचे बहुतेक सगळे प्रोसेसर ६४ बिट आहेत. अडतात ते सुरुवातीचे ॲटमवाले छोटे नेटबुक. मिंटची २२ ही मालिका फक्त ६४ बिटवर चालते, त्यामुळे त्यांच्यासाठी हा लेख नाही.

रॅम २ जीबी ही मिंटची किमान अट, ४ असेल तर ठीक. डिस्कवर किमान २० जीबी, पण १०० असावी असं मिंटवाले स्वतःच सांगतात.

२. सामान

- ८ जीबी किंवा मोठा पेनड्राइव्ह. त्यावरचं सगळं पुसलं जाईल. फुटपाथवर शंभर-दोनशे रुपयांत मिळणारा '५१२ जीबी'वाला नको. त्यातले पुष्कळ खोटे असतात, आत चार-आठ जीबीच असतात आणि अर्ध्यात फाइल बिघडते.
- दुसरा एक पेनड्राइव्ह, चाचणीच्या फाइलींसाठी.
- फोन आणि त्याची यूएसबी केबल. वायफाय रुसलं तर हीच कामाला येते.
- लॅपटॉपचा ॲडॅप्टर आणि ज्याला दुसरं कोणी हात लावणार नाही असा प्लग.
- बॅकअपसाठी बाहेरची हार्ड डिस्क किंवा गूगल ड्राइव्हवर पुरेशी जागा.

यातलं प्लगचं मी थट्टेत घेतलं होतं. आमच्या लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली, तो फक्त ॲडॅप्टरवर चालतो. पेनड्राइव्ह लिहून होत आला होता आणि आईने चटणी वाटायला मिक्सर लावला, माझा प्लग काढून. आता त्या बटणावर कागद चिकटवलेला आहे.

३. कुठलं मिंट घ्यायचं

लिनक्सचे प्रकार मोजत बसलात तर वर्ष जाईल. विंडोजची सवय असलेल्या माणसासाठी मी मिंट सुचवते, कारण मेन्यू खाली डाव्या कोपऱ्यात असतो, घड्याळ उजव्या कोपऱ्यात, आणि फुली मारली की खिडकी बंद होते. बाबांना एवढंच हवं होतं. २२ ची मालिका उबुंटू २४.०४ या दुसऱ्या एका लिनक्सवर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट्स मिळणार आहेत. आवृत्त्यांना बायकांची नावं देतात, सगळी आकारान्त: विल्मा, शिया, झारा. संकेतस्थळावर २२ मधली सगळ्यात ताजी दिसेल ती घ्या.

तिच्याही तीन तऱ्हा: सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई. सिनॅमन देखणी आहे. ८ जीबी रॅम असेल तर खुशाल घ्या. ४ जीबी किंवा कमी असेल तर एक्सएफसीई. मी पहिल्या रविवारी हौसेने सिनॅमन घेतली, ब्राउझरचे पाच टॅब उघडल्यावर माउसचा बाणसुद्धा ओढत ओढत चालायला लागला. एक्सएफसीई दिसायला साधी आहे, पण वाचलेली रॅम ब्राउझरला मिळते आणि हल्ली रॅम खातो तो ब्राउझरच.

फाइल ३ जीबीच्या आसपास आहे. रोज दीड जीबीच्या मोबाइल पॅकवर हे दोन दिवसांचं काम, आणि मध्येच तुटलं तर पहिल्यापासून. ज्यांच्याकडे फायबर आहे त्यांच्याकडे चहाला जा. तेही नसेल तर टोरंटने उतरवा, ते जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होतं.

उतरल्यावर चेकसम, म्हणजे फाइल न बिघडता उतरली ना हे सांगणारा आकडा, जुळवा. हे सगळे टाळतात, मीही टाळलं होतं. मिंटच्या संकेतस्थळावर प्रत्येक फाइलचा एसएचए २५६ आकडा दिलेला असतो. तुमच्या फाइलचा आकडा त्याच्याशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. पुढच्या पायरीत लागणारं रुफस हे सॉफ्टवेअरच तो काढून देतं: फाइल निवडलीत की शेजारी बरोबरची खूण असलेलं छोटं बटण आहे, ते दाबा.

४. पेनड्राइव्ह तयार करणे

उतरवलेली मिंटची फाइल (हिलाच आयएसओ म्हणतात) पेनड्राइव्हवर कॉपी-पेस्ट करून चालत नाही. रुफसमध्ये पेनड्राइव्ह निवडा, फाइल निवडा, पार्टिशन स्कीम 'एमबीआर' ठेवा (२०१२-१३ च्या आगेमागच्या यंत्रांना ते सोयीचं पडतं) आणि सुरू करा. मध्ये 'आयएसओ मोड की डीडी मोड' असा प्रश्न येईल, आयएसओ सुचवलेलं असतं तेच राहू द्या. पेनड्राइव्ह सुरूच झाला नाही, तर दुसऱ्या खेपेला डीडी.

वरच्या चौकटीत पेनड्राइव्हचंच नाव आहे ना, हे दोनदा बघा. बॅकअपची हार्ड डिस्क त्या वेळी लावून ठेवू नका.

५. पेनड्राइव्हवरून सुरू करणे

विंडोज बंद करताना शिफ्ट दाबून धरा आणि मग शट डाउनवर टिचकी मारा. नाहीतर 'फास्ट स्टार्टअप'मुळे विंडोज पुरतं बंद होत नाही, अर्धं झोपतं. मग मिंटमधून त्या डिस्कवरच्या फाइली वाचता येतात पण बदलता येत नाहीत.

आता पेनड्राइव्ह लावा, लॅपटॉप सुरू करा आणि लगेच बूट मेन्यूचं बटण टकटक दाबत राहा. डेल आणि लेनोवोवर सहसा एफ १२, एचपीवर एफ ९, असूसच्या लॅपटॉपवर एस्केप. एसरवरही एफ १२ च, पण तो मेन्यू आधी बायोसमध्ये (विंडोजच्याही आधी उघडणारी यंत्राची मूळ सेटिंग्ज) जाऊन चालू करावा लागतो. काही लेनोवोवर कडेला टाचणीच्या टोकाएवढं नोवो बटण असतं.

यादीतून पेनड्राइव्ह निवडलात की मिंटचा मेन्यू येतो. पहिली ओळ निवडा. स्क्रीन काळीच राहिली तर पुन्हा सुरू करून 'कम्पॅटिबिलिटी मोड' निवडा, जुन्या ग्राफिक्स कार्डांची बहुतेक दुखणी तिथे सुटतात. पेनड्राइव्ह यादीतच नसेल तर बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद करून बघा.

आमच्याकडे यातलं काहीच लागू पडेना. शेवटी मागचं झाकण उघडलं, रॅमची पट्टी काढली, सोनेरी दात खोडरबरने हलक्या हाताने पुसले, परत बसवली. चालू. मुंबईच्या दहा पावसाळ्यांची दमट हवा खाल्लेल्या यंत्राला एवढं लागायचंच. उघडण्याआधी ॲडॅप्टर आणि बॅटरी दोन्ही काढा. बॅटरी फुगलेली दिसली तर तिला टोचू-दाबू नका, ती परत बसवू नका.

६. दोन संध्याकाळी नेहमीचं काम करून बघा

डेस्कटॉप दिसला की समोरच 'इन्स्टॉल लिनक्स मिंट' असं चिन्ह असतं. त्याला हात लावायचा नाही. आत्ता जे चालू आहे ते सगळं पेनड्राइव्हवरून आणि रॅममध्ये चालू आहे. बंद केलंत की खाडाखोडीची पाटी पुसल्यासारखं सगळं जातं, विंडोज जसंच्या तसं. म्हणून चाचणीत तयार केलेल्या फाइली दुसऱ्या पेनड्राइव्हवर ठेवा.

बहुतेक लोक इथे वॉलपेपर बदलतात, दोन खेळ उघडतात, "छान आहे" म्हणतात आणि इन्स्टॉल करून मोकळे होतात. मग चौथ्या दिवशी प्रिंटर अडतो. तसं न करता, तुम्ही आठवड्याभरात लॅपटॉपवर खरोखर काय काय करता त्याची यादी करा आणि एकेक करून बघा. आमची यादी अशी झाली.

वायफाय आधी. काही जुन्या लॅपटॉपांत ब्रॉडकॉमची वायफाय चिप असते, तिचा ड्रायव्हर (ती चालवणारं सॉफ्टवेअर) वेगळा घालावा लागतो. त्यासाठी इंटरनेट लागतं आणि इंटरनेटसाठी वायफाय. हा गुंता फोनने सुटतो: फोन केबलने जोडा, फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा, मग मिंटचा 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडा.

घड्याळ बघा. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी (सीआर २०३२ हा तिचा नेहमीचा प्रकार) संपली असेल तर तारीख कुठल्याकुठे गेलेली असते आणि मग बँकेची साइट 'असुरक्षित' म्हणून उघडत नाही. दोष ना बँकेचा ना मिंटचा. तारीख नीट करा, बॅटरी बदला.

प्रिंटर. आमचा केबल लावताच ओळखला गेला, मी खुर्चीवरून पडायचीच बाकी होते. सगळ्यांचं असं होत नाही. आपल्याकडे ऑफिसांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० लिनक्सवर सरळ चालत नाही, त्याला कॅप्ट नावाचा वेगळा ड्रायव्हर लागतो आणि तो बसवणं नवख्याचं काम नाही. तुमच्याकडे तोच असेल तर निर्णय घेण्याआधी याचा विचार करा.

एक्सेलच्या फाइली. मिंटमध्ये लिब्रेऑफिस आधीच असतं. मेन्टेनन्सचे तक्ते, बेरजा, थकबाकीवरचं व्याज, सगळी सूत्रं नीट उघडली. मॅक्रो मात्र चालतीलच असं नाही. आणि छापून बघा: फॉन्ट बदलल्यामुळे एका पानाचं बिल दोन ओळींनी दुसऱ्या पानावर घसरू शकतं. आमचं घसरलं.

मराठी नोटिसा. यात आम्ही सगळ्यात जास्त अडकलो. युनिकोडमधल्या, म्हणजे सगळ्या यंत्रांवर सारख्याच दिसणाऱ्या लिपीतल्या, नोटिसा नीट दिसल्या. पण जुन्या, श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या बिगर-युनिकोड फॉन्टांतल्या फाइली उघडल्यावर अक्षरांचं कडबोळं दिसतं. फाइल बिघडलेली नसते, तो फॉन्ट यंत्रावर नसतो इतकंच. विंडोजमधून तुमच्या फॉन्टची फाइल आणून ती वाचण्यापुरती सोय होते. नवीन मजकूर मात्र युनिकोडमध्येच लिहायला लागा, तो फोनवरही दिसतो. बाबांनी याला दोन दिवस विरोध केला. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नोटीस फोटो न काढता थेट चिकटवता येते हे कळल्यावर मावळला.

उरलेलं भरभर: आवाज, कॅमेरा, टचपॅड, उजेड कमी-जास्त करणं, झाकण मिटून उघडल्यावर जागं होणं, एखादा व्हिडिओ पूर्ण स्क्रीनवर. आयकर आणि बँकेच्या साइट ब्राउझरमध्ये चालतात. टॅली विंडोजसाठीच बनतं. डिजिटल सहीचं टोकन वापरत असाल तर ते लावून, प्रत्यक्ष सही करून बघा, 'चालेल' असं धरून चालू नका.

वेगावरून मात्र आत्ता मत बनवू नका. पेनड्राइव्ह हार्ड डिस्कपेक्षाही मंद असतो. शक्य असेल तर निळ्या रंगाच्या यूएसबी खाचेत लावा.

७. लॅमिंग्टन रोडची फेरी

चाचणीत सगळं जमलं तर आता पैसे खर्च करायची वेळ आली, आणि ते एसएसडीवर, म्हणजे न फिरणाऱ्या, चिपवरच्या डिस्कवर करा. खरं सांगायचं तर आमच्या लॅपटॉपचा वेग जो काही वाढला, त्याचं मोठं श्रेय फिरती डिस्क काढण्याला आहे, मिंटचा नंबर त्यानंतर.

दुसरा फायदा त्याहून मोठा. नव्या एसएसडीवर मिंट घातलं की विंडोजची जुनी डिस्क जशीच्या तशी बाहेर राहते. पुसायचं काही नाही, एकाच डिस्कवर दोन सिस्टिमींचा संसार मांडायचा नाही. नवख्याने पार्टिशन कापण्याच्या भानगडीत पडू नये असं माझं ठाम मत आहे. माझा दुसरा रविवार त्यातच गेला.

मुंबईत संगणकाचं सामान घ्यायचं तर लॅमिंग्टन रोड. ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरा. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं नाव असलं तरी 'लॅमिंग्टन रोड' विचारलंत की कोणीही दाखवेल. रविवारी बहुतेक दुकानं बंद, शनिवारी सकाळी जा. अडीच इंची साटा एसएसडी मागा, सोसायटीच्या कामाला २५० जीबीच्या आतबाहेरची भरपूर झाली. पक्कं बिल घ्या, वॉरंटी त्यावरच चालते. जुन्या डिस्कसाठी यूएसबीची केस पण घ्या.

रॅम वाढवायची तर जुनी पट्टी काढून बरोबर न्या आणि काउंटरवर ठेवा. डीडीआर ३ आणि डीडीआर ३ एल दिसायला सारख्या, पण पहिली दीड व्होल्टची आणि दुसरी १.३५ ची. चौथ्या पिढीपासूनच्या लॅपटॉपांना सहसा 'एल'च लागते. नुसतं 'डीडीआर थ्री द्या' म्हटलंत तर हाताला लागेल ती मिळेल.

८. इन्स्टॉल

बॅकअप घेतलाय ना? डिस्क बाहेर काढणार असलात तरी घ्या. तेरा वर्षांची डिस्क हातातून पडायला एक क्षण पुरतो.

एसएसडी बसवा, पेनड्राइव्हवरून सुरू करा, आता त्या चिन्हावर खुशाल टिचकी मारा. भाषा इंग्रजी ठेवा, मेन्यूचं मराठी भाषांतर अर्धवट आहे आणि अडलात तर मदत शोधायला इंग्रजी नावंच लागतात. कीबोर्डमध्ये 'इंग्लिश, इंडिया, विथ रुपी' घ्या: उजवं ऑल्ट दाबून ४ दाबलं की रुपयाचं चिन्ह उमटतं. बाबांनी ते दहा वेळा करून पाहिलं. 'मल्टिमीडिया कोडेक्स'च्या चौकटीत खूण करा.

पुढे 'इरेज डिस्क' असा घाबरवणारा पर्याय येतो. आत फक्त कोरी एसएसडी असेल तर तोच बरोबर. जुनी डिस्क आतच असेल तर इथेच थांबा आणि सातवी पायरी पुन्हा वाचा. डिस्क दिसतच नसेल तर बायोसमध्ये साटा 'रेड'ऐवजी 'एएचसीआय'वर करा.

नकाशावर भारतावर टिचकी मारली की कोलकाता लिहून येतं. मुंबई शोधू नका, भारताची वेळ त्याच नावाने नोंदलेली आहे. आमच्याकडे इथून पुढे वीसेक मिनिटं लागली.

९. पहिल्या आठवड्यात

'अपडेट मॅनेजर' उघडून सगळी अपडेट्स घ्या. 'टाइमशिफ्ट' चालू करा, ते सिस्टिमची आठवड्याची प्रत ठेवतं. तुमच्या फाइलींचा बॅकअप ते घेत नाही, तो वेगळा.

लिब्रेऑफिस आपल्या स्वतःच्या फॉरमॅटमध्ये फाइल ठेवतं आणि मग ऑडिटरचा फोन येतो की उघडत नाही. टूल्स, ऑप्शन्स, लोड-सेव्ह, जनरल इथे जाऊन एक्सेलचा फॉरमॅट कायमचा निवडा.

मराठीसाठी 'इनपुट मेथड'मधून आयबस आणि त्याचं एम १७ एन पॅकेज घाला. इनस्क्रिप्ट, जुन्या टाइपरायटरवाल्यांसाठी रेमिंग्टन, आणि रोमन अक्षरांत लिहून देवनागरी उमटवणाऱ्यांसाठी आयट्रान्स व गमभन. फोनसारखे शब्द सुचवणार नाही, सगळी अक्षरं स्वतः टाइप करावी लागतात.

कधी जुनी डिस्क परत लावून विंडोज सुरू केलंत तर घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे दिसेल. घाबरू नका. लिनक्स यंत्राचं घड्याळ ग्रिनिच वेळेवर ठेवतं, विंडोज त्यालाच स्थानिक वेळ समजतं.

ती जुनी डिस्क निदान एक आर्थिक वर्ष जपा. ऑडिट होऊन जाऊ दे, कोणती फाइल राहिली ते तेव्हाच कळतं. आमची केसमध्ये घालून कपाटात पावतीपुस्तकांशेजारी ठेवली आहे, वर बाबांच्या अक्षरात चिठ्ठी: 'विंडोज. चालू स्थितीत. कोणी पुसू नये. — खजिनदार.'